पहिले दोन तास गावाचे

वादळ म्हटले की महाराष्ट्राला कोकण आठवते. निसर्ग, तौक्ते, उन्मळून पडलेले माड, बंदरावर चढवलेले धोक्याचे बावटे. सातपुड्याच्या पायथ्याशी, शहाद्याला लागून असलेल्या लोणखेड्याला समुद्र नाही, पण वादळ आहे. एप्रिल-मे महिन्यांत दुपार कलली की आभाळ पिवळट होते, धुळीचा लोट उठतो आणि अर्ध्या तासात उभी केळी-पपई जमिनीला टेकते. घरांचे पत्रे उडतात, विजेचे खांब वाकतात, रस्त्यात निंब नाहीतर बाभूळ आडवी पडते. जुलै लागला की काळजी गोमाईची. ही नदी मध्य प्रदेशाच्या हद्दीतल्या सातपुड्यातून उतरते, शहादा-लोणखेड्याजवळून वाहते आणि प्रकाशाला तापीत मिळते. वर डोंगरात ढग फुटले तर खाली गावात ऊन पडलेले असतानाही पाणी चढते.

अशा वेळी मदत कुठून येते, हे नकाशा समोर ठेवून पाहिले तर गावात स्वयंसेवकांचे पथक का हवे याचे उत्तर मिळते. शहादा नगरपरिषदेचा बंब जवळ आहे, पण तालुका मोठा आणि वादळात हाका चारी बाजूंनी येतात. राज्य आपत्ती प्रतिसाद दल २०१६ मध्ये उभे राहिले तेव्हा त्यासाठी धुळे आणि नागपूर ही दोन ठिकाणे निवडली गेली. राष्ट्रीय दलाची तुकडी थेट पुण्याजवळ. धुळ्याहून बोटी आणि दोर घेऊन निघालेल्या गाडीला वाट मोकळी असली तरी दोन तास लागणार, आणि वाट मोकळी असेलच असे नाही. सप्टेंबर २०२३ च्या तापीच्या पुरात सारंगखेड्याच्या पुलाजवळचा भराव वाहून गेला आणि दोंडाईचा-शहादा वाहतूक बंद पडली. ज्या दिवशी मदतीची सर्वांत जास्त गरज, त्याच दिवशी मदतीचा रस्ता तुटतो. ते पहिले दोन तास शेजारी, पोलीस पाटील, आशाताई, ट्रॅक्टरवाला आणि महाविद्यालयातली पोरे यांच्याच हातात असतात.

जिल्ह्याला याचा अनुभव आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये नवापूर तालुक्यात रात्रभर कोसळलेल्या पावसाने १७ तारखेला रंगावली आणि विसरवाडीची सरपणी या नद्या गावांत शिरल्या. घरे गेली, माणसे गेली. लोकांना सावरायला वेळ मिळाला नाही, कारण पाणी चढले ते झोपेच्या वेळी.

पथक म्हटले की तरुणांच्या डोळ्यांसमोर नारिंगी जाकीट आणि पुरात उडी मारणारा वीर येतो. ही कल्पना आधी मोडावी लागते. ८ ऑगस्ट २०१९ रोजी सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळ येथे पुरातून गावकऱ्यांना बाहेर काढणारी स्थानिक नाव उलटली आणि १७ जणांचा जीव गेला. नाव बचावाचीच होती, नावेतली माणसे ओळखीची होती, हेतूही चांगला होता. गर्दी जास्त झाली आणि अंगावर लाइफ जॅकेट नव्हते. त्याच वर्षी जानेवारीत, संक्रांतीच्या दिवशी, नंदुरबार जिल्ह्यातच धडगाव तालुक्यातल्या भुषा येथे नर्मदेत भाविकांनी खचाखच भरलेली नाव बुडाली आणि मुलांचेही प्राण गेले. प्रशिक्षित माणसालाही पाणी सोडत नाही. मे २०२४ मध्ये अकोले तालुक्यात सुगाव येथे प्रवरेत बुडालेल्या तरुणांचा शोध घेताना धुळ्याच्या राज्य दलाची बोट उलटली आणि तीन जवान मृत्युमुखी पडले. ज्यांच्या भरवशावर अख्खा खानदेश असतो, त्यांच्यावर ही वेळ येते. मग पोहता येते एवढ्या जोरावर गोमाईत उतरणाऱ्याने काय करावे? उतरू नये, हेच खरे.

गावच्या पथकाचे पहिले साधन दोर नसते, वही असते. दोनशे पानी, जाड पुठ्ठ्याची, आणि तिची एक प्रत दुसऱ्या घरात. तिच्यात गल्लीवार नोंदी हव्यात: कोणत्या घरात अंथरुणाला खिळलेले आजोबा आहेत, कोणत्या घरात एकटी राहणारी म्हातारी आहे, कोणाला ऐकू येत नाही, कोणाला आठवड्यातून डायलिसिसला जावे लागते. गरोदर महिलांची यादी आणि बाळंतपणाची अपेक्षित तारीख आशाताईंकडे असतेच. ती चव्हाट्यावर न आणता आशाताईंनाच पथकात घेतले की प्रश्न सुटतो. नदीकाठची, नाल्याकाठची आणि कच्च्या भिंतींची घरे वेगळ्या पानावर. उंचावरच्या पक्क्या इमारती, म्हणजे शाळा, समाजमंदिर, महाविद्यालय, यांच्या किल्ल्या कोणाकडे आहेत तेही लिहावे. किल्ली सापडत नाही म्हणून कुलूप तोडण्यात गेलेला पाऊण तास पुढे कोणी मोजत नाही, पण तो जातो.

या वहीतून एक वस्ती हमखास सुटते. ऊसतोडीच्या हंगामात शिवारात उभ्या राहणाऱ्या कोप्या. पुरुषोत्तमनगरच्या सातपुडा साखर कारखान्याचा हा परिसर. तोडणीला आलेली कुटुंबे शेताच्या बांधावर बांबू-पाचटाच्या आडोशाला राहतात. त्यांची नावे गावच्या मतदार यादीत नसतात, रेशनच्या यादीत नसतात. मार्चमधल्या अवकाळी वादळात सर्वांत आधी उडतात त्या याच कोप्या. मुकादमाचा फोन नंबर आणि कोप्यांची जागा दर पंधरा दिवसांनी ताजी करावी लागते, कारण टोळी फड संपला की पुढे सरकते. केळी-पपईच्या बागेत मुक्कामाला असलेल्या पावरा आणि भिल्ल मजुरांचेही तसेच. पथकात पावरी आणि भिली बोलणारा निदान एकेक जण हवाच. 'इथून निघा' हे मध्यरात्री सांगायचे तर माणसाला आपल्या बोलीतच पटते.

वहीनंतर माणसे. वीस-पंचवीस जणांचे पथक पुरते. शंभर नावांची यादी कागदावर शोभते आणि रात्री दोन वाजता तिच्यातले आठ जण येतात. कामे आधी वाटून द्यावीत. इशारा देणारे, लोकांना हलवणारे, प्रथमोपचार करणारे, रस्ता मोकळा करणारे, आणि नोंद ठेवणारा एक. नोंद ठेवणाऱ्याला कोणी मान देत नाही, पण कोण घरातून निघाला, कोण शाळेत पोचला आणि कोण अजून मिळाला नाही हे त्यालाच ठाऊक असते. प्रत्येक कामाला दोन माणसे, कारण एक जण त्या दिवशी सुरतेला गेलेला असतो. महिला निम्म्या असाव्यात असे म्हणण्याचे कारण समानतेच्या भाषणांपेक्षा साधे आहे: रात्री दार ठोठावल्यावर एकट्या बाईने ते उघडावे, तर बाहेर ओळखीच्या ताईचा आवाज लागतो.

नाव नोंदवायचे कुठे? गावपातळीवर ग्रामपंचायत आणि पोलीस पाटील, तालुक्याला शहाद्याचे तहसील कार्यालय, आणि जिल्ह्याला नंदुरबारच्या जिल्हाधिकारी कार्यालयातला आपत्ती व्यवस्थापन कक्ष. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ नुसार जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. पथक कितीही उत्साही असले तरी त्याचे नाव तहसीलदारांच्या कागदावर आले नाही तर संकटात ते बघ्यांच्या गर्दीतच मोजले जाते. नोंद असली की पोलीस अडवत नाहीत, आणि बाहेरचे दल आले की ते आधी यांनाच विचारतात: पाणी कुठे खोल आहे, विहिरी कुठे बुजल्या आहेत, कोणत्या छतावर माणसे आहेत.

केंद्राची 'आपदा मित्र' योजना २०१६ मध्ये ३० पूरप्रवण जिल्ह्यांत, प्रत्येकी २०० स्वयंसेवकांपासून सुरू झाली आणि पुढे ३५० जिल्ह्यांत एक लाख स्वयंसेवकांचे उद्दिष्ट ठेवून वाढवली गेली. १२ दिवसांचे निवासी प्रशिक्षण, ओळखपत्र, गणवेश आणि शिटीपासून लाइफ जॅकेटपर्यंतचा संच, असे तिचे स्वरूप. वय साधारण १८ ते ४०, शिक्षण निदान सातवी आणि तब्येत धडधाकट ही अपेक्षा. नंतर आलेली 'युवा आपदा मित्र' योजना राष्ट्रीय छात्र सेना, राष्ट्रीय सेवा योजना आणि स्काउट-गाइडच्या मुलामुलींसाठी आहे. पुढचे शिबिर केव्हा, जागा किती, हे जिल्हा कक्षात विचारावे. लोणखेड्याची सोय अशी की पूज्य साने गुरुजी विद्या प्रसारक मंडळाची महाविद्यालये गावातच आहेत. राष्ट्रीय सेवा योजनेच्या स्वयंसेवकांसाठी राज्यपातळीवर 'आव्हान' हे आपत्ती व्यवस्थापनाचे शिबिर भरते. तिथे शिकून आलेल्या दोन विद्यार्थ्यांनी गावातल्या वीस जणांना शिकवले तर शिबिराचे सार्थक झाले. एक अडचण मात्र लक्षात घ्यावी. विद्यार्थी तीन वर्षांत पदवी घेऊन नाशिक-पुण्याला जातात. पथकाचा कणा गावात राहणाऱ्यांचा, म्हणजे शेतकरी, दुकानदार, वायरमन, वाहनचालक यांचा हवा.

आता वादळाचे. भारतीय हवामान खात्याचा पिवळा, नारिंगी आणि लाल इशारा सगळ्यांच्या मोबाइलवर येतो आणि बहुतेक जण तो पुढे ढकलून मोकळे होतात. पथकाने त्याला काम जोडावे. पिवळा आला की वही आणि बॅटऱ्या तपासायच्या. नारिंगी आला की कोप्या आणि पत्र्याच्या घरांना कळवायचे. लाल आला की पथकातल्या कोणीही गाव सोडायचे नाही. विजेसाठी पुण्याच्या भारतीय उष्णकटिबंधीय हवामान संस्थेचे 'दामिनी' ॲप आहे, इतर इशाऱ्यांसाठी राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे 'सचेत'. नेटवर्क गेले तर कान पुरतात. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत ३० आकडे मोजून व्हायच्या आत आवाज आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे; शेतातल्या माणसांना पक्क्या छताखाली बोलवावे, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर सोडू नये. बांधावरचे एकटे झाड हा निवारा धरू नये. वीज पडलेल्या माणसाच्या अंगात करंट राहतो ही समजूत चुकीची आहे. त्याला लगेच हात लावता येतो, आणि लावलाच पाहिजे. श्वास थांबला असेल तर छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० च्या गतीने, पाच-सहा सेंटिमीटर खोल दाब द्यायचा आणि १०८ ची गाडी येईपर्यंत थांबायचे नाही. एका माणसाचे हात दोन मिनिटांत थकतात. म्हणून हे कौशल्य पथकातल्या प्रत्येकाला यायला हवे, एकट्या 'डॉक्टरसाहेबां'ना येऊन भागत नाही.

तुटलेल्या तारेची गोष्ट उलट. ती निपचित पडलेली दिसते आणि माणूस काठीने बाजूला सारायला जातो. ओली काठी वीज वाहून नेते, ओली जमीनही. दहा मीटर अंतर राखून दोन्ही बाजूंनी माणसे उभी करावीत, जनावरे अडवावीत आणि महावितरणला १९१२ वर कळवावे. वायरमनने डीपीवरून पुरवठा बंद केल्याचे स्वतः सांगेपर्यंत पडलेल्या झाडालाही हात लावू नये, कारण फांद्यांत तार गुंतलेली असते. झाड कापायचे काम चेनसॉ चालवणाऱ्या सराईत माणसाचेच. दबून वाकलेली फांदी कापताच उसळते आणि जबडा मोडते.

गोमाईच्या पुरात नियम थोडे आहेत, पण ते मोडायचा मोह मोठा. वाहते पाणी घोट्याच्या थोडे वर असले तरी माणसाचा पाय सुटू शकतो. फूटभर पाण्यात छोटी गाडी तरंगू लागते, दोन फुटांत जीपही वाहते. म्हणून फरशी पुलावर पाणी आले की दोन्ही टोकांना दोर आणि माणूस. इथे पथकाला शिव्या खाव्या लागतात. 'आम्ही रोज जातो' म्हणणारा दुचाकीवाला हा पुराइतकाच जुना आहे. कोणी वाहताना दिसला तर क्रम ठरलेला: काठावरून काठी पोचते का पाहायचे, नाही तर तरंगता दोर फेकायचा, रिकामा प्लास्टिकचा कॅन बांधून फेकायचा, आणि पुढचे काम बोट व लाइफ जॅकेट असलेल्यांवर सोडायचे. फेकणाऱ्याने दोर मनगटाला गुंडाळू नये. दोर फेकणे सोपे वाटते. मैदानावर वीस मीटरवर ठेवलेल्या टायरवर फेकून पाहिले की पहिल्या दिवशी निम्मे दोर दुसरीकडेच पडतात. हा सराव नदीकाठी नव्हे, शाळेच्या मैदानावर, आणि रात्रीही व्हावा.

वरून पाणी येतेय हे कळायचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे सोयरीक. गोमाईच्या वरच्या अंगाला, खेतिया-पानसेमलच्या बाजूला, लोणखेड्यातल्या अनेकांचे व्यापारी आणि नात्याचे संबंध असतात. तिथल्या तीन-चार भरवशाच्या माणसांचे नंबर वहीत हवेत. 'डोंगरात जोर आहे, नदी भरून चाललीय' एवढा निरोप सरकारी पत्राच्या आधी पोचतो. तापीच्या बाबतीत हतनूर, सुलवाडे, सारंगखेडा आणि प्रकाशा इथले दरवाजे उघडल्याचे निरोप प्रशासन देते. ते काठच्या शेतातल्या मोटारींपर्यंत आणि मेंढपाळांपर्यंत नेण्याचे काम पथकाचे.

निरोप कोणी पाठवला आणि किती वाजता, हे प्रत्येक संदेशात असावे. धरण फुटल्याची अफवा व्हॉट्सॲपवर पाण्यापेक्षा जोरात पसरते. आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या कलम ५४ खाली खोटा इशारा देऊन घबराट पसरवणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते, हे गावच्या ग्रुपवर जूनमध्येच टाकून ठेवावे. खात्री करायला जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ आहे, तातडीच्या कामाला ११२. मोबाइल टॉवर बंद पडला तर देवळाचा भोंगा, मशिदीचा भोंगा आणि मोटारसायकलवरचा एक पोरगा. मधेच वीज जाते, म्हणून भोंग्याला बॅटरी जोडलेली हवी.

वादळ निघून गेले की बघे पांगतात आणि पथकाचे सर्वांत कंटाळवाणे, पण पैशांत मोजता येणारे काम सुरू होते. पंचनामा. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरहून जास्त पाऊस नोंदला गेला की अतिवृष्टी धरतात. पण वारा मंडळाची हद्द पाहून वाहत नाही. एका शिवारात केळी भुईसपाट आणि पर्जन्यमापकात मात्र पाऊस थोडा, असे घडते. म्हणून आडव्या झालेल्या बागेचे, तारीख-वेळ आणि ठिकाण उमटणारे फोटो त्याच दिवशी काढावेत. नंतर शेतकरी बाग साफ करतो आणि पुरावाही साफ होतो. तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी), ग्रामसेवक आणि कृषी सहायक गावात आले की त्यांच्या हातात गट नंबरनिहाय यादी द्यावी. गाय-म्हैस दगावली तर पुरण्याची घाई करू नये. पशुवैद्यकीय अधिकाऱ्याच्या शवविच्छेदनाशिवाय मदत अडते. २०२२ ते २०२६ साठीच्या केंद्रीय निकषांत दुभत्या गाई-म्हशीला ३७,५०० रुपये, शेळी-मेंढीला ४,००० रुपये आणि माणूस दगावल्यास वारसांना ४ लाख रुपये असे दर आहेत. ज्या बाईच्या दोन शेळ्या हाच संसार, तिच्यापर्यंत हे आकडे पोचवणारा स्वयंसेवक पाण्यात उडी मारणाऱ्यापेक्षा कमी नाही. यादीत नुकसान फुगवून लिहायचा आग्रह होतो, कधी घरचेच करतात. मदतीसाठी खोटा दावा करणे हाही आपत्ती व्यवस्थापन कायद्याने गुन्हा आहे, आणि एकदा यादीवरचा विश्वास उडाला की खऱ्या नुकसानीचेही कागद परत येतात.

पुरानंतरच्या आठवड्यात साप निघतात. दंशाच्या वर करकचून दोरी बांधणे, चिरा देणे, तोंडाने विष ओढणे, हे सगळे टाळून माणसाला न चालवता शहाद्याच्या सरकारी रुग्णालयात न्यावे. भगताकडे जाऊ द्या असा हट्ट झाला तर वाद घालत बसू नये; भगतालाच गाडीत घ्यावे. धडगाव-अक्राणीकडे काम केलेल्यांनी हा तोडगा ऐकवला तर हसू येते, पण गाडी लवकर हलते.

तब्येतीचा विषय पुरुष मंडळी टाळतात. जुलै २०२३ मध्ये इर्शाळवाडीची दरड कोसळल्यावर तिकडे चढून जाताना नवी मुंबई अग्निशमन दलाच्या एका अधिकाऱ्याचा हृदयविकाराने मृत्यू झाला. रक्तदाब, साखर, दमा असणाऱ्यांनी पथकात जरूर यावे, पण नियंत्रणाच्या, स्वयंपाकाच्या, नोंदीच्या कामावर. भरतीच्या वेळी वैद्यकीय दाखला मागितला म्हणून रुसणाऱ्याला हे स्पष्ट सांगावे. सलग आठ तासांनंतर माणूस बदलावा. ब्रह्मनाळसारखी दृश्ये पाहिलेला तरुण पुढे चार रात्री झोपला नाही तर ते भेकडपणाचे लक्षण नव्हे. १४४१६ हा 'टेलिमानस'चा मोफत क्रमांक वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा.

खर्च फार नाही. तरंगते दोर, दहा-बारा लाइफ जॅकेट, हेल्मेट, जाड हातमोजे, शिट्ट्या, बॅटऱ्या, प्रथमोपचार पेटी, ताडपत्री, दोन कोयते, एक कर्वत. ट्रॅक्टर-ट्रॉली, जेसीबी आणि डिझेल कोण देणार, पैसे कोण चुकवणार, हे मे महिन्याच्या ग्रामसभेत ठरवून इतिवृत्तात लिहून घ्यावे. वादळाच्या रात्री भाव ठरत नाहीत, भांडणे ठरतात. सामान एकाच कपाटात आणि कपाट ग्रामपंचायतीत. ते गणपतीच्या मांडवाला किंवा बैल बांधायला उसने द्यायचे नाही. वापरलेला दोर गोड्या पाण्यात धुऊन सावलीत वाळवावा आणि कुठे घासला आहे का ते बोटांनी चाचपावे. जॅकेटचे पट्टे उंदीर कुरतडतात. एक फेरी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, दुसरी पोळ्यानंतर, आणि दोन्ही वेळा वहीतल्या प्रत्येक नंबरवर फोन लावून पाहायचा. बदललेला नंबर त्याच बैठकीत खोडून नवा लिहायचा.